नजर रस्त्यावर, बोट काचेवर



२०१९ सालच्या मार्च महिन्यात जर्मनीत एक टेस्ला मॉडेल ३ जोरदार पावसात रस्ता सोडून बाजूला गेली, वाहतुकीच्या फलकावर आणि मग काही झाडांवर आदळली. चालकाच्या हातात फोन नव्हता. तो वायपरचा वेग बदलत होता. या गाडीत स्टिअरिंगमागच्या दांडीचे टोक दाबले की वायपर एकदा फिरतो, पण त्याचा वेग ठरवायचा तर डॅशबोर्डच्या मधोमध असलेल्या टचस्क्रीनकडे वळावे लागे. कार्लस्रूहच्या न्यायालयाने त्याला २०० युरो दंड केला आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी घातली. तो अपिलात गेला. त्याचा युक्तिवाद असा, की वायपर ही सुरक्षेची सोय आहे आणि स्क्रीन गाडीचाच भाग आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. स्क्रीन गाडीत पक्की बसवलेली असली तरी ती इलेक्ट्रॉनिक उपकरणच. तिला कशासाठी हात लावला याला महत्त्व नाही. रस्ता, रहदारी आणि हवामान पाहून जेवढा ओझरता कटाक्ष चालेल तेवढाच टाकायचा, असे न्यायालयाने म्हटले.

कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबरच होता. मात्र ज्याने वायपरचा वेग स्क्रीनमध्ये नेऊन ठेवला, तो या खटल्यात पक्षकार नव्हता. आजचे व्याख्यान त्या गैरहजर पक्षकाराबद्दल आहे.

काचेला बोट लावून यंत्राला हुकूम द्यायची कल्पना विजेच्या आधुनिक गाड्यांहून बरीच जुनी. ब्रिटनमधल्या माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या डोळ्यांसमोर होता हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे खुर्चीत बसून पडद्याकडेच पाहणारा माणूस. जिथे नजर तिथेच बोट, ही टचस्क्रीनची मूळ अट त्याच्या बाबतीत आपोआप पूर्ण होत होती. गाडीत ती मोडते. चालकाने पाहायचे असते ते पुढच्या काचेतून.

गाडीत टचस्क्रीन पहिल्यांदा आणली तीही विजेच्या गाडीवाल्यांनी नव्हे. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरामध्ये नऊ इंची सीआरटी पडदा बसवला होता, जुन्या टीव्हीत असायचा त्या जातीचा. रेडिओ, वातानुकूलन, गाडीच्या प्रकृतीची माहिती, सगळे त्याच्यावर. गिऱ्हाइकांना ते मानवले नाही आणि १९९० च्या मॉडेलात साधी बटणे परत आली. हा धडा मोटारधंदा पुढच्या वीस-बावीस वर्षांत पार विसरला. २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस १७ इंची उभी स्क्रीन घेऊन आली. २०१७ च्या मॉडेल ३ ने तर चालकासमोरचे मीटरही काढून टाकले आणि १५ इंचांची एकच आडवी स्क्रीन मधोमध ठेवली. वेग तिथेच पाहायचा, एसीचा झोत तिथूनच वळवायचा आणि डॅशबोर्डमधला कप्पा उघडायचा तोही तिथूनच. कप्पा उघडायला मेनू शोधावा लागणे ही प्रगती मानायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सगळे निव्वळ फॅशनपायी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका बटणामागे साचा असतो, वायर असते, जोडणी असते, हजारो वेळा दाबून पाहण्याची चाचणी असते. पन्नास बटणे म्हणजे हा व्याप पन्नास वेळा. स्क्रीन एकदा बसवली की नवी सोय म्हणजे फक्त नवे सॉफ्टवेअर, आणि ते गाडी विकल्यानंतरही पाठवता येते. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे काही ना काही पडदा लागणारच होता. विजेच्या गाडीत तर दाखवायलाही पुष्कळ असते. बॅटरी किती उरली, एसी लावल्याने किती किलोमीटर कमी झाले, पुढचे चार्जिंग केंद्र कुठे, तिथे किती वेळ लागेल. ही माहिती नकाशासकट मोठ्या पडद्यावरच शोभते, आणि उपयोगीही पडते.

म्हणून वाद स्क्रीन हवी की नको असा नाही. चालत्या गाडीत कोणते काम डोळ्यांकडे द्यायचे आणि कोणते बोटांकडे, हा आहे.

दुसऱ्या महायुद्धात या प्रश्नाला प्राण देऊन उत्तर शोधावे लागले. अमेरिकेची बी-१७ विमाने जमिनीवर उतरल्यावर वैमानिक पंखांवरचे फ्लॅप मिटायला जात आणि चुकून चाकेच मिटत. विमान पोटावर आपटे. दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स शापानिस यांनी वैमानिकांना दोष दिला नाही. एका खटक्याच्या टोकाला त्यांनी रबरी चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पंखासारख्या पाचरीचा. हात लागताच कळावे, खटका कशाचा आहे. युद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या शेकडो चुका तपासल्या, तेव्हाही चुकांची मुळे माणसापेक्षा खटक्यांच्या मांडणीत जास्त सापडली. याच फिट्स यांचा १९५४ चा नियम आज प्रत्येक स्क्रीन आखणाऱ्याला शिकवला जातो: लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त.

आता काचेकडे पाहा. तिच्यावरची सगळी चित्रे बोटाला सारखीच लागतात. पेटीवादक गायकाच्या चेहऱ्याकडे पाहत साथ करू शकतो, कारण काळ्या पट्ट्यांचा उंचवटा बोटांना कुठे आहोत ते सांगत असतो. टचस्क्रीनने तो उंचवटाच काढून टाकला. भर म्हणून गाडी हलत असते. लांबवलेला हात अधांतरी असतो, त्याला टेकायला कड नसते. खड्डा आला की बोट शेजारच्या चित्रावर. अमेरिकेतल्या वाहन सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या: गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांहून जास्त पाहावे लागू नये, आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांहून जास्त नजर रस्त्यावरून हटू नये. दोन सेकंद म्हणजे किती ते पावलांनी मोजता येत नाही, म्हणून मीटरमध्ये सांगितलेले बरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत साधारण ५६ मीटर जाते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने ६७ मीटर.

‘व्ही बिलेगारे’ या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ च्या उन्हाळ्यात याची परीक्षाच घेतली. एका धावपट्टीवर बारा गाड्या आणल्या. अकरा नव्या, आणि बारावी २००५ ची व्होल्व्हो व्ही-७०, स्क्रीन नसलेली, बटणांची. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. मग ताशी ११० किलोमीटर वेगाने चार कामे: सीट गरम करून तापमान दोन अंशांनी वाढवायचे आणि काचेवरचे बाष्प घालवायचे, रेडिओ लावून ठरावीक केंद्र धरायचे, प्रवासाचा आकडा शून्यावर आणायचा, मीटरचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करायची. सतरा वर्षांच्या व्होल्व्होत हे सारे दहा सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात उरकले. टेस्ला मॉडेल ३ ला साडेतेवीस सेकंद आणि ७१७ मीटर लागले. बीएमडब्ल्यूच्या महागड्या आयएक्सला ९२८ मीटर. शेवटी आली एमजी मार्व्हल आर: पाऊण मिनिट, १,३७२ मीटर. तेवढ्या अंतरात एखादे गाव येऊन मागे पडेल.

पण त्याच यादीतली एक ओळ बातम्यांतून बहुधा गळाली. विजेवर चालणारी, स्क्रीनचीच व्होल्व्हो सी-४० तेरा-चौदा सेकंदांत पार पडली, आणि स्वस्तातली डेशिया सँडेरोही तितक्याच वेळात. म्हणजे काच हा काही अटळ शाप नव्हे. रोजच्या चार गोष्टी पहिल्या पडद्यावर, मोठ्या आणि कायम एकाच जागी ठेवल्या, की फरक निम्म्याहून खाली येतो. टेस्लाच्याही बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की मॉडेल ३ मध्ये तापमानाचा आकडा पडद्याच्या खालच्या कडेला कायम दिसतो आणि त्यासाठी मेनूत शिरावे लागत नाही.

‘कायम एकाच जागी’ हे मात्र सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळी उतरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाने गाड्यांना नवी आवृत्ती पाठवली. रात्री गाडी लावून झोपलेल्या मालकाला सकाळी कळले, की हात ज्या कोपऱ्यात आपोआप जायचा तिथे आता दुसरेच काही आहे. तक्रारी इतक्या आल्या, की पुढे तळाच्या पट्टीवर काय ठेवायचे हे मालकाला ठरवता येऊ लागले. फोनवरचे ॲप रातोरात बदलले तर माणूस वैतागतो आणि शोधतो. गाडीत तोच शोध धावताना चालतो. हाताला लागलेली सवय ही चालकाची कमाई असते आणि ती न विचारता काढून घेण्याचा हक्क गाडी बनवणाऱ्याला असू नये.

मोटारींच्या बाहेर, समुद्रावर, टचस्क्रीनवर विसंबण्याची किंमत फार मोठी पडली. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची विनाशिका ‘जॉन एस. मॅकेन’ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मरण पावले. जहाजाचे सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. सुकाणू आणि वेगाचा ताबा दोन जागांत वाटताना गोंधळ झाला. वेग कमी करणाऱ्याला वाटले, दोन्ही पंखे एकत्र जोडलेले आहेत. प्रत्यक्षात एकाचाच वेग उतरला आणि जहाज डावीकडे वळत गेले. धातूचे दोन दांडे शेजारी असते तर एक पुढे आणि एक मागे राहिलेला अंधारातही हाताला कळला असता. प्रशिक्षणातल्या आणि देखरेखीतल्या उणिवाही चौकशीत पुढे आल्या, सगळे खापर पडद्यावर फोडता येणार नाही. तरीही २०१९ मध्ये नौदलाने या वर्गाच्या जहाजांवर पुन्हा खरेखुरे दांडे बसवायचे ठरवले.

आता आपल्या रस्त्यांकडे. गाडीच्या स्क्रीनवर जगात जे लिहिले जाते त्यातले बरेचसे डावीकडे बसणाऱ्या चालकासाठी असते. त्याचा उजवा हात पडद्याकडे जातो. भारतात चालक उजवीकडे बसतो. पडदा त्याच्या डावीकडे येतो आणि बहुतेकांचा डावा हात नेम धरण्यात कच्चा असतो. परदेशी मांडणी जशीच्या तशी उचलली, तर आपल्या चालकाला तेच चित्र जास्त मोठे आणि जास्त जवळ हवे असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुन्हा आपले रस्ते: खड्डे, गतिरोधक, मध्येच आडवी येणारी दुचाकी. जर्मन महामार्गावर जो कटाक्ष ओझरता ठरेल, तो पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला ओझरता राहत नाही.

आणि या गाड्या आता परक्या राहिलेल्या नाहीत. टाटांची नेक्सॉन रांजणगावात तयार होते, महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणमध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांचे तीन पडदे एका ओळीत आहेत, त्यातला एक शेजारच्या प्रवाशासमोर. एमजी विंडसरमध्ये १५.६ इंची पडदा. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले आणि मॉडेल वाय विकायला आली. याच टेस्लाने २०२३ च्या मॉडेल ३ मधून इंडिकेटरची दांडीही काढून टाकली होती, स्टिअरिंगवर दोन बटणे दिली होती. चौकातल्या गोलाकार वळणात स्टिअरिंग उलटे झाले, की कोणते बटण कुठे गेले ते शोधत बसायचे. नव्या मॉडेल वायमध्ये त्यांनी दांडी ठेवली. शहाणपण आले, उशिरा का होईना.

२०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीची मांडणी या विषयाचा चांगला पाठ आहे, बरा-वाईट दोन्ही अंगांनी. १२.३ इंची पडदा, त्याखाली एसीसाठी गुळगुळीत काळी स्पर्शपट्टी. ती बोटांचे ठसे आणि धूळ आनंदाने गोळा करते. पण तापमान आणि पंखा या दोन रोजच्या कामांसाठी त्या पट्टीतच वर-खाली होणारे दोन खटके ठेवले आहेत. सगळ्यांत चांगली गोष्ट स्टिअरिंगच्या मागे आहे. गाडी वेग कमी करताना बॅटरीत वीज परत भरते, ज्याला चालक नुसते ‘रिजन’ म्हणतात, त्याची पातळी स्टिअरिंगमागच्या दोन पात्यांनी कमी-जास्त होते. घाट उतरताना याचा अर्थ समजतो. एका वळणाला जास्त रोध हवा, पुढच्या सरळ पट्ट्यात कमी, पुन्हा वळण. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे ट्रकच्या मागच्या दिव्यांवर, आणि बोटांची दोन टोके तेवढी काम करतात. हेच काम स्क्रीनच्या तिसऱ्या मेनूत ठेवले असते, तर घाटात कुणीही त्याला हात लावला नसता.

अक्षरांचा प्रश्न आपल्याकडे आणखी बारीक होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत टेस्लाला सुमारे २२ लाख गाड्यांची दुरुस्ती जाहीर करावी लागली. कारण ब्रेक, पार्किंग आणि एबीएसच्या इशाऱ्यांची अक्षरे ३.२ मिलिमीटरच्या ठरलेल्या उंचीपेक्षा लहान होती. हसण्यासारखे वाटते, पण नियम शहाणा आहे: जो इशारा वाचायला डोळे बारीक करावे लागतात, तो उशिरा वाचला जातो. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. तेवढ्याच उंचीच्या ओळीत मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकोनात मराठी बसवली, की ती एक तर चिरडते नाही तर अर्ध्यात तुटते. आवाजाने हुकूम देण्याची वाट इथे जास्त आशेची आहे. काही टाटा गाड्यांना मराठीतून सांगितलेले कळते. काच खाली-वर असताना, मागे मुले भांडत असताना, ट्रकचा भोंगा वाजत असताना ते किती कळते, हे वापरणाऱ्यांनी सांगावे.

स्क्रीन बंद पडली तर, हा प्रश्नही काल्पनिक नाही. २०२१ मध्ये टेस्लाने जुन्या मॉडेल एस आणि एक्स मिळून सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांतली ८ जीबीची मेमरी चिप पुन्हा पुन्हा लिहून लिहून झिजत होती. ती संपली की पडदा काळा, आणि त्याच्याबरोबर मागचा कॅमेरा, काचेवरचे बाष्प घालवण्याची सोय आणि इंडिकेटरचा आवाजही जाण्याची भीती. बटण बिघडले तर एक काम अडते, पडदा बिघडला तर गाडीच मुकी होते.

एवढे सगळे ठाऊक असताना कंपन्या अशा गाड्या का काढत राहिल्या? गाडी विकली जाते ती उभी असताना. दालनात दिवे लखलखत असतात, गिऱ्हाईक सीटवर बसते, पडद्यावरून बोट फिरवते, नकाशा मोठा-लहान करते. सारे कसे सोपे, फोनसारखे. त्या क्षणी ते खरोखरच सोपे असते, कारण रस्ता नसतो. सहज वापरता येण्याची जी परीक्षा दालनात होते, ती धावत्या गाडीची नव्हेच. हिशेबनिसाला बटणे कमी हवी असतात, विक्रेत्याला पडदा मोठा हवा असतो, आणि चालकाच्या बाजूने बोलणारा त्या बैठकीत बहुधा कुणी नसतो.

आता वारे थोडे फिरले आहे. फोक्सवॅगनच्या आयडी ३ मध्ये आवाज आणि तापमानासाठी पडद्याखाली सरकपट्ट्या दिल्या होत्या, आणि रात्री त्यांना उजेडच नव्हता. अंधारात चाचपडायचे. गिऱ्हाइकांनी इतके झोडपले, की मार्च २०२५ मध्ये कंपनीचे रचनाप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी ‘ऑटोकार’ या ब्रिटिश मासिकाला जाहीरपणे सांगितले: ही चूक पुन्हा होणार नाही, आवाज, दोन्ही बाजूंचे तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना यापुढे बटणे असतील. युरोपातल्या युरो एनकॅप या चाचणी संस्थेनेही जानेवारी २०२६ पासून पाच ताऱ्यांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची हाक यांना प्रत्यक्ष बटण किंवा खटका असण्याची अट घातली. ही सक्ती नाही, पण ताऱ्यांविना गाडी विकणे अवघड. उलट उदाहरणही आहे. माझदाने २०१९ मध्ये टचस्क्रीन मुद्दाम टाळून गोल फिरवायचा नॉब दिला होता, कारण पडद्याकडे हात नेताना चालकाचा दुसरा हात नकळत स्टिअरिंग ओढतो असे त्यांना दिसले होते. तीच माझदा नव्या सीएक्स-५ मध्ये मोठ्या टचस्क्रीनवर आली. बाजारापुढे चांगली कल्पनाही नेहमी टिकते असे नाही.

भारतात कायद्याची स्थिती गमतीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने हातात धरलेले संपर्कसाधन वापरत गाडी चालवणे धोकादायक ठरवले. पंधरा इंची पडदा हातात धरता येत नाही, म्हणून तो सुटतो. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून तारे देते, पण एआयएस-१९७ या तिच्या मानकात गुणांचे विभाग तीन: प्रौढ प्रवासी, लहान मुले आणि सुरक्षेला साहाय्य करणारी साधने. वायपर बटणावर आहे की मेनूत, याला एकही गुण नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली किती पडद्याकडे पाहताना, हे सांगणारा रकानाच पोलिसांच्या अहवालात ठळकपणे नाही.

ही मानके ज्या समितीत घडतात तिचे सचिवालय पुण्यात आहे, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये. १९६६ पासून ही संस्था गाड्या तपासते. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिची भिंत ठाऊक असते. गाड्या बनवणारे रांजणगाव-चाकणला, मानके घडवणारे टेकडीवर आणि गाड्या चालवणारे या सभागृहात. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि काचेवरचे बाष्प घालवणे या पाच कामांना प्रत्यक्ष खटका असावा, तो उजवीकडे बसलेल्या चालकाच्या हाताच्या टप्प्यात असावा आणि सॉफ्टवेअर बदलले तरी त्याची जागा बदलू नये, एवढी मागणी करायला यापेक्षा योग्य शहर नाही. ती लेखी करावी.

मानक येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात चाचणी फेरी आहे. दालनात पडद्यावर बोट फिरवून समाधान मानू नये. गाडी रस्त्यावर न्यावी, शक्यतो पावसात, नाही तर रात्री. शेजारी विक्रेत्याला बसवावे, आणि चालत्या गाडीत नजर न हटवता वायपर, एसी आणि आवाज बदलून पाहावा. जमले नाही, तर विक्रेत्याला तिथेच तसे सांगावे आणि गाडी घ्यायची नसेल तर कारण म्हणून हेच लिहून द्यावे.